आमच्या गच्चीवरून जाणारं चित्र

नवा टीव्ही घरात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो स्वतःच्या हाताने लावला, आणि टीव्हीने त्यांना विचारलं, ‘कोण बघतंय?’

खाली चार गोल चेहरे होते. एक माझ्या धाकट्या भावाचा, एक भावजयीचा, एक त्यांच्या मुलीचा. चौथं डोळे वटारलेलं हिरवं कसलंसं जनावर होतं. ते अण्णांसाठी राखून ठेवलेलं होतं.

अण्णांनी ऐंशी पार केली आहे. सगळी हयात शाळेत पी.टी. मास्तर म्हणून गेली. शिट्टी नुसती तोंडाकडे नेली तरी पोरं रांगेत उभी राहायची. अशा माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीत बसलेला असताना, कोण बघतंय म्हणून आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी रिमोट टीपॉयवर पालथा ठेवला आणि पेपर उघडला.

भावाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही त्याला तम्मा म्हणतो. कन्नडात धाकटा भाऊ तो तम्मा. आणि बंगळुरात, बसवनगुडीत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत कुठला शब्द कुठून आला हे विचारायची पद्धत नाही. तो राहतो शहराच्या दुसऱ्या बाजूला, यशवंतपूरला. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा त्यानेच धावपळ करून इंटरनेटची तार ओढून घेतली, अर्धी भिंत व्यापेल असा टीव्ही आणला, आणि अण्णांच्या पायाशी बसून सगळं समजावलं. आधी हे दाबायचं, मग चेहरा निवडायचा, मग उजवीकडे, मग खाली, मग लाल चौकोन. अण्णांच्या डोळ्यांचं असं झालंय की बाजूचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. त्यामुळे ते जितकं नीट त्या लाल चौकोनाकडे बघायचे तितका तो नाहीसा व्हायचा.

मग हाका सुरू झाल्या. आई-अण्णा वरच्या मजल्यावर राहतात, मी आणि माझा नवरा खालच्या. संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी वरून हाक यायची, मी पोळी तव्यावर सोडून धावायची, चेहरा-उजवीकडे-खाली-चौकोन करून द्यायची. बातम्या संपल्या की शेतीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा हाक. हा शेतीचा कार्यक्रम अण्णांचा जीव की प्राण. आमच्या घराण्यात कोणी शेती केलेली ऐकिवात नाही. शेकडो वर्षांपूर्वी कोण्या सरदाराबरोबर घोड्यावरून इकडे आलो असं सांगतात. माझा अंदाज, घोड्याच्या मागून चालत आलो असणार. पण रेशीमकिड्याला तुतीचा पाला कधी घालायचा आणि कधी नाही हे अण्णांना पाठ आहे.

काही दिवसांनी हाका बंद झाल्या. मला वाटलं, जमलं वाटतं त्यांना. सुटल्याचा आनंदसुद्धा झाला मला, खोटं कशाला बोलू. मग एका संध्याकाळी कपडे द्यायला वर गेले तर बातम्यांच्या वेळी टीव्ही काळा, आणि अण्णा त्याच्यासमोर आपले हात मांडीवर ठेवून बसलेले. लावून देऊ का विचारलं. नको म्हणाले. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, “चष्म्याला हाक मारतो, गोळ्यांना हाक मारतो, आंघोळीच्या पाण्याला हाक मारतो. बातम्या बघायला मी कोणाला हाक मारणार नाही.”

आवाज चढलेला नव्हता. मैदानावर एखाद्या पोराला कायमचं संघाबाहेर काढताना त्यांचा असाच आवाज लागत असणार.

ह्यावर उपाय सापडला तो लालबागेत. अण्णा रोज सकाळी तिथे फिरायला जातात, आणि तिथल्या एका बाकावर बंगळुरातल्या सर्व प्रश्नांचा निकाल लागतो. बाकावरच्या कोणीतरी सांगितलं की सरकारी वाहिन्या अजून हवेतून येतात. जुनं प्रक्षेपण बंद झालं, आता डिजिटल आहे, एवढंच. गच्चीवर साधा अँटेना आणि टीव्हीला एक चपटा डबा; महिन्याची भानगड नाही, पासवर्ड नाही, चेहरे तर नाहीतच. बटण दाबलं की चित्र.

जुनं प्रक्षेपण बंद झालं तेव्हा मीसुद्धा समजले होते की आता हवा रिकामी झाली. अण्णा फिरून आले ते चप्पल न काढताच गच्चीच्या दिशेने बोट दाखवून उभे राहिले.

“आपल्या गच्चीवरून जातंय ना ते? मग आपण का नाही घ्यायचं?”

तम्माला फोनवर सांगितलं तर तो हसला, आणि मग त्याला काहीतरी आठवून हसायचा थांबला. गच्चीवरचा तो जुना अँटेनाचा खांब, म्हणाला, तोच तर काढायचाय. खांबाच्या बुडाशी गच्ची तडकली होती आणि पाणी थेट आईच्या देवघरात झिरपत होतं. त्याने मेस्त्री ठरवला होता. येत्या रविवारी खांब कापणार, वर गच्चीवर पाणी अडवणारा थर चढवणार, आणि एकदा तो थर चढला की पुन्हा भोक पाडायचं नाही. “अक्का, सोड गं,” तो मला म्हणाला, “मी त्यांना आवाजावर चालणारा रिमोट आणून देतो.” मी म्हटलं, रविवारपर्यंत खांब आमचा आहे. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं मला माहीत नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. विद्युत उपकरणांतली माझी कामगिरी म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात सेल घालणे, तेही एकदा उलटे.

डबा आणला. माळ्यावरचा जुना टीव्ही उतरवला, जो तम्मा नव्याच्या बदल्यात द्यायला निघाला होता आणि अण्णांनी दिला नव्हता. खांबावर जुना अँटेना होताच. इतकी वर्षं कावळे त्याच्यावर बसत होते आणि आई त्याला धुण्याच्या दोरीचं एक टोक बांधत होती. तार जोडली. डब्याने सगळी हवा धुंडाळली आणि काही नाही म्हणून सांगितलं.

आता अँटेना फिरवणं हे आमच्या घरात एक शास्त्र होतं. माझ्या लहानपणी अण्णा गच्चीवर, आई जिन्याच्या वळणावर आणि मी टीव्हीसमोर, अशा तीन चौक्या असायच्या. अण्णा वरून विचारायचे, “बंता?” म्हणजे आलं का. मी खालून ओरडायची, “बंतु” किंवा “इल्ला”, आलं किंवा नाही, आणि मधे आई ते पोचवायची. हे कन्नडात असायचं, कारण शब्द तोकडे, आणि शेजारच्या गच्चीवरच्यांनाही मदत करता यायची. पण तिसरं उत्तर मात्र मराठीत होतं: “चालेल”. चित्राला मुंग्या आहेत, बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागे त्यांचीच पुसट जुळी बहीण बसली आहे, पण आवाज येतोय, चालेल. ह्या गावाचा सगळा कारभार ‘स्वल्प ॲडजस्ट’ वर चालतो. टीव्हीही चालायचा.

तर त्याच आठवड्यात मधेच आलेल्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याच चौक्या उभ्या केल्या, फक्त माणसं बदलून. अण्णांचे गुडघे आता गच्चीचा उभा जिना चढू देत नाहीत म्हणून ते टीव्हीसमोर. मी नवऱ्याची क्रिकेटची टोपी घालून गच्चीवर. आई वळणावर, तिच्या जुन्या जागी. नवरा बेळगावचा, आमच्या घरगुती युद्धांत तो तटस्थ राहतो आणि घरात पाणी भरून ठेवतो.

मी खांब थोडा फिरवला आणि विचारलं, बंता? खाली काहीतरी बोलणं झालं. आई म्हणाली, “थोडंसं राहिलंय म्हणतायत.” मी थोडंसं फिरवलं. आई म्हणाली, अगदी आलंच आहे. मी अगदी केसभर फिरवलं. आई म्हणाली, छान चाललंय, तसंच कर. असं करत करत मी त्या खांबाला जवळजवळ एक प्रदक्षिणा घातली. डोकं तापलं, हात गंजाने तांबडे झाले, आणि चित्र सतत येण्याच्या बेतात होतं.

मग कुकरची शिट्टी झाली म्हणून आई वळणावरून हलली, आणि मधे कोणीच नसल्यामुळे मला पहिल्यांदा अण्णांचा आवाज सरळ ऐकू आला. ते म्हणत होते, “काळं आहे. मघापासून ठार काळं आहे. त्या पोरीला म्हणावं खाली ये, तिला दिशा म्हणजे काय ते शाळेत पण कळलं नव्हतं.”

मी खाली आले. आईला विचारलं, थोडंसं राहिलंय असं अण्णा म्हणाले होते का? आई कुकर उघडत होती. ती म्हणाली, ह्यांचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं असतं का कधी? अण्णा खुर्चीतून म्हणाले की पूर्वी तर ती नीट पोचवायची. ते स्वतः गच्चीवर असायचे तेव्हा कधी असं झालं नाही. आईने कुकरचं झाकण खाली ठेवलं.

“पूर्वी तरी कुठे रोज चित्र येत होतं? ही इल्ला ओरडायची, मी तुम्हाला बंतु सांगायची. म्हणून तुम्ही खाली येऊन जेवायचात.”

 ज्या माणसाने इतकी वर्षं आपल्याला अँटेना लावता येतो असं मानलं, त्याला हे जेवणाच्या ताटावर कळणं बरं नव्हे. मला मात्र हसू आवरेना, आणि आईने मला वरणाचं भांडं घेऊन जरा बाहेर बसायला सांगितलं.

आईला त्या चौकीवरून काढून टाकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट ती म्हणाली, आता भांडा सरळ. जिन्यातून अण्णांचा आवाज वरपर्यंत नेहमी पोचेल असं नाही, म्हणून त्यांनी कपाटातून आपली पितळी शिट्टी काढली. एक लांब शिट्टी म्हणजे नाही, दोन आखूड म्हणजे आलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर पुन्हा मी वर. फिरवलं, लांब शिट्टी. फिरवलं, लांब शिट्टी. आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक येऊन बघायला लागले. समोरच्या बाईंनी कन्नडात विचारलं, शाळेचं संमेलन आहे का. मी सांगितलं, टीव्ही. त्यांनी आपल्या मोबाइलकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला फार प्रेमाने पाणी हवं का विचारलं.

उन्हं उतरायच्या सुमाराला दोन आखूड शिट्ट्या झाल्या.

मी खांबाला तिथल्या तिथे तारेने आवळलं आणि जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरले. माझ्या वयात हे करू नये. टीव्ही काळा होता. अण्णा त्याच्याकडे तोंड करून बसले होते आणि शिट्टी हातात फिरवत होते. मी विचारलं, कुठे आहे चित्र?

“उन्हात किती वेळ उभी राहशील,” ते म्हणाले. “जाऊ दे. चालेल.”

आता मला खरंच राग आला. इतक्या वर्षांत मी अण्णांवर आवाज चढवल्याचं आठवत नाही, पण त्या दिवशी चढवला. म्हटलं, काय चालेल? काळं चालेल? तुम्हाला माझी दया येऊन तुम्ही खोटी शिट्टी वाजवणार असाल तर मग तम्माचा हिरवा प्राणी काय वाईट आहे, तोही दयाच करतोय तुमच्यावर. मी उन्हात उभी राहीन नाहीतर पावसात, ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त खरं सांगा.

आई दारात आली, पण ह्या वेळी तिने मधे काही घातलं नाही. अण्णांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे बघितलं. तिकडून त्यांना मी दिसते. मग शिट्टी वाजवली. एकच, लांब. कानठळ्या बसतील इतकी.

“इल्ला,” ते म्हणाले.

त्या क्षणापासून आमचं काम सुधारलं.

पहिली गोष्ट कळली ती ही की डिजिटलला ‘चालेल’ माहीत नाही. जुनं चित्र बिचारं मुंग्या घेऊन का होईना यायचं, आपण कुठे चुकतोय ते सांगायचं. हे नवं एक तर आरशासारखं स्वच्छ येतं नाहीतर तोंडच दाखवत नाही. दुसरं, ते यायला वेळ लावतं. अँटेना फिरवला की डबा विचार करत बसतो, आणि मी तोवर पुढे फिरवून मोकळी झालेली असायची. म्हणजे आदल्या दिवशीच्या त्या प्रदक्षिणेत मी कदाचित बरोबर जागा ओलांडून गेलेही असेन. फिरवायचं आणि गप्प उभं राहायचं, असा नियम झाला. गप्प उभं राहणं आमच्या घरात कोणालाच येत नाही. हे सगळं मी समजून घेतलं ते मोबाइलवर शोधून, हे अण्णांना सांगितलं नाही.

त्याच मोबाइलवर असंही कळलं की डब्यात दोन पट्ट्या दिसतात, एक जोर सांगणारी आणि एक दर्जा. आमचा जोर काठोकाठ आणि दर्जा शून्य. आमच्या काही नातेवाइकांसारखं. कारण टीव्हीच्या मागे जुना बूस्टर तसाच अडकवलेला होता आणि तो शहरातला सगळा गोंगाट फुगवून डब्याच्या कानात ओतत होता. काढला. शिवाय जुना अँटेना जुन्या प्रक्षेपणाच्या मापाचा, हातभर दांड्यांचा. नव्याला आखूड दांड्या लागतात. एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. तिथे चार दुकानदारांनी मला डिश विकायचा प्रयत्न केला, पाचव्याने पोटमाळ्यावरून धुळीने माखलेला आखूड दांड्यांचा अँटेना काढला आणि कन्नडात विचारलं, मॅडम, हे कशाला, मोबाइलवर बघा ना सगळं. मी म्हटलं, मी बघते, माझे वडील नाही बघत. तो म्हणाला, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. पण पिशवीत घालताना हसला. हसू दे.

शनिवारी सकाळी नवा अँटेना खांबावर चढवला. चित्र आलं. अण्णांनी दोन शिट्ट्या वाजवल्या, खऱ्या. मी खाली पोचेपर्यंत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. बातम्यांमधला माणूस तोंड उघडायचा आणि तसाच चौकोन चौकोन होऊन राहायचा. उत्तरेला, जिकडच्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण येतं तिकडे, आमच्या आणि त्या मनोऱ्याच्या मधे एक नवं उंच अपार्टमेंट उभं राहिलं आहे. ते काही मी हलवू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी खांब कापला जाणार होता. तम्माचा फोन आला, झालं का अक्का तुझं? मी म्हटलं, होतंय. आईचं रक्त आहे माझ्यात.

मग मी अँटेना खांबावरून काढला. लांब तार जोडून तो दोन्ही हातांत आरतीच्या तबकासारखा धरला आणि घरभर फिरायला लागले. मागून नवरा तारेचं वेटोळं सोडत चालला होता. त्याची तटस्थता एवढ्यापुरती संपली होती. अण्णांच्या खोलीत, इल्ला. जिन्यात, इल्ला. देवघराच्या खिडकीत, इल्ला. आई म्हणाली, तिथे नकोच. अण्णा इतके कडक झाले होते की एकदा चित्र येऊन लगेच गेलं तरी त्यांनी ‘बंतु’ म्हटलं नाही. टिकलं पाहिजे, म्हणाले.

टिकलं ते मागच्या बाल्कनीत. जिथे आई धुणं वाळत घालते तिथे, आणि तेसुद्धा अँटेनाचं तोंड मनोऱ्याकडे नव्हे, बरोबर उलट्या बाजूला असताना. पलीकडच्या रस्त्यावर काचेच्या भिंतींची एक इमारत आहे. बहुधा लहरी तिच्यावर आपटून परत येत होत्या. शास्त्र काय म्हणतं मला ठाऊक नाही. चित्र आलं आणि राहिलं. अण्णा दोन शिट्ट्या वाजवून थांबले नाहीत, कवायत सुटताना वाजवायचे तशी काहीतरी लांबलचक वाजवली. बाल्कनीच्या कठड्याला अँटेना बांधला, आणि आम्ही सगळे आत येऊन बसलो. पडद्यावर कोणीतरी नाचणीच्या कणसावर हात फिरवत होता.

तेवढ्यात चित्र गेलं.

बाल्कनीत आई ओली चादर वाळत घालत होती, अँटेनाच्या बरोबर नाकासमोर. मी चादर बाजूला धरली, आलं. सोडली, गेलं. आईला म्हटलं दोरी जरा पलीकडे घेऊ. आई म्हणाली, दोरी हलणार नाही. ऊन फक्त ह्या टोकाला येतं, आणि आमच्या नाचणीसाठी ती ओले पलंगपोस अंथरणार नव्हती. अण्णांनी आतून विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, इल्ला म्हणते. अण्णा उठले, बाल्कनीपर्यंत आले, चादरीकडे बघितलं आणि परत जाऊन बसले. आईसमोर शिट्टी चालत नाही हे त्यांना माहीत आहे.

जेवून उठलो तेव्हा दोरी दुसऱ्या खुंटीला होती. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, गाठ सैल झाली होती, म्हणून बांधली.

रविवारी तम्मा मेस्त्रीला घेऊन आला. वर जाताना त्याने अण्णांना काहीसं चुचकारत विचारलं, मग अण्णा, रिमोट आणू ना आवाजावरचा?  डब्याच्या रिमोटवर मी पांढरी चिकटपट्टी लावून तीनच बटणं उघडी ठेवली होती. अण्णांनी अंगठ्याने चाचपून त्यातलं एक दाबलं. चित्र आलं. दुसरं दाबलं, वाहिनी बदलली. तिसऱ्याने आवाज वाढवला, आणि बराच वाढवला. मग मान जरा कलती करून, पडद्याच्या कडेला बघत ते बसले, म्हणजे मधलं सगळं त्यांना दिसावं. तम्मा हे बघत उभा राहिला. त्याने बाल्कनीत जाऊन अँटेना पाहिला, त्याची दिशा पाहिली, आणि परत येऊन मला हळूच म्हणाला की हे उलटं आहे. मी म्हटलं, आम्हीही.

खांब कापला. देवघरातलं गळणं थांबलं, ते थांबायलाच हवं होतं. त्याबाबतीत तम्मा बरोबरच होता. मोठा टीव्ही आता तो यशवंतपूरला घेऊन गेलाय. हिरवं जनावर कोणाला मिळालं ते मी विचारलं नाही.

आमचं चित्र बिनबोभाट चालतं असं मी म्हणणार नाही. गल्लीत जुनी मोटारसायकल सुरू झाली की ते थिजतं. वारा सुटला की अँटेना मान वळवतो. परवा जोराचा पाऊस होऊन गेल्यावर तर पार गेलं. हे आईने तम्माला फोनवर सांगितलं, बहुधा आपल्या पद्धतीने, कारण तो घाबरला आणि म्हणाला की रविवारी येतो, लोखंडी स्टँड आणतो, पक्कं करून टाकतो, किंवा सरळ डिश लावू. मी तेव्हा वर येत होते, जिन्यात होते. आईने फोन अण्णांच्या कानाला लावलेला मला दिसला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“दुरुस्तीला येऊ नको,” ते म्हणाले. “जेवायला ये.”

फोन आईच्या हातात देऊन ते उठले. भिंतीला हात लावत बाल्कनीकडे गेले. मी एक पायरी चढले आणि थांबले. आतून काही हाक आली नाही. बाल्कनीच्या कठड्यावर दांडी घासल्याचा आवाज आला, मग काही नाही, मग पुन्हा घासल्याचा. मधे बराच वेळ शांतता. ते गप्प उभे होते. मग टीव्हीतला माणूस अर्ध्या वाक्यापासून बोलायला लागला, मोठ्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, आणि मी तशीच खाली परत आले.